इनडोअर विक्रमांवरचे वाद: 3000, माईल, 5000 मध्ये वेळ बघायची की शर्यत?

पंधरा_फेऱ्या

2025 च्या फेब्रुवारीतला तो एक आठवडा आधी नीट मांडतो, म्हणजे सगळे एकाच गोष्टीवर बोलू.

8 तारखेला न्यूयॉर्कच्या मिलरोज गेम्समध्ये ग्रँट फिशर 3000 मीटर 7:22.91, मागोमाग कोल हॉकर 7:23.14. लमेचा गिरमाचा 2023 चा 7:23.81 चा इनडोअर विश्वविक्रम दोघांनीही मोडला. त्याच दिवशी माईलमध्ये (1609.34 मीटर) यारेड नुगुसे 3:46.63 आणि हॉब्स केसलर 3:46.90, तिथेही जुन्या 3:47.01 च्या आत दोघं. 13 तारखेला फ्रान्सच्या लिएव्हाँमध्ये याकोब इंगब्रिग्टसेनने माईलचा विक्रम 3:45.14 वर नेला. 14 ला बोस्टनमध्ये पुन्हा फिशर, 5000 मीटर 12:44.09, आणि केनेनिसा बेकेलेचा 2004 पासून टिकलेला 12:49.60 गेला.

यावर चाहत्यांत सरळ दोन तट पडले. एक म्हणतो नव्या धाटणीचे बूट आणि ट्रॅकच्या कडेला ठरलेल्या गतीने पळणारे दिवे काढले तर काही उरत नाही. दुसरा म्हणतो ही पिढीच वेगळी आहे. मग मार्चमध्ये नानजिंगच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत इंगब्रिग्टसेन 3000 मीटर 7:46.09 मध्ये जिंकला, तर तेच लोक "किती संथ" म्हणायला लागले. इनडोअर शर्यत बघून मत बनवायचं तर नेमकं काय बघावं? आकडे आणि कारणं हवी आहेत, आवडतं नाव नको.

वळण_आतून

सुरुवात ट्रॅकपासून करा, कारण अर्धा वाद तिथेच मिटतो. 200 मीटरच्या ट्रॅकवर वळणाची त्रिज्या साधारण 17 मीटर, बाहेरच्या 400 मीटरच्या ट्रॅकवर 36.5. फिशरच्या त्या 3000 चा सरासरी वेग सेकंदाला 6.77 मीटर येतो. एवढ्या वेगाला 17 मीटरच्या वळणावर शरीर साधारण 15 अंश आत झुकवावं लागतं, बाहेर फक्त 7 च्या आसपास. ट्रॅकचा उतार 10 अंश धरला तरी वरचे पाचेक अंश घोट्याने आणि पोटरीने पेलायचे, तेही 3000 मध्ये तीस वळणांवर. बाहेर वळणं पंधराच.

आता खरा हिशेब. वळणावर एक मीटर बाहेरून पळालात तर एका वळणाला 3.14 मीटर जास्त पडतात. त्रिज्या कितीही असो, हा आकडा बदलत नाही. 6.77 च्या वेगाने ते 0.46 सेकंद झाले. मिलरोजला फिशर आणि हॉकरमध्ये फरक होता 0.23 सेकंदांचा, म्हणजे दीड-पावणेदोन मीटर. एका वळणावर कुणी कुणाच्या बाहेर पळालं, एवढ्यावर निकाल फिरू शकतो.

महिलांच्या 3000 मध्ये तर याहून जिवाला लागणारं उदाहरण आहे. गुदाफ त्सेगे 2023 मध्ये बर्मिंगहॅमला 8:16.69 पळाली. गेन्झेबे दिबाबाचा विक्रम 8:16.60. पंधरा फेऱ्यांनंतर फरक साधारण अर्ध्या मीटरचा! त्या दिवशी "थोडक्यात हुकलं, ताकद कमी पडली" असं लिहिणाऱ्यांनी एकदा मोजून बघावं की अर्धा मीटर म्हणजे एका वळणावर सोळा सेंटिमीटर बाहेर असणं.

म्हणून शर्यत बघताना घड्याळाआधी पाय बघा. धावणारा आतल्या कडेला किती चिकटून आहे, आणि ओलांडायला सरळ पट्टा निवडतो की वळण? सरळ पट्टा जेमतेम 45 मीटरचा असतो, त्यामुळे निर्णय वळण संपायच्या आधीच घ्यावा लागतो. उशीर झाला की पुढचं वळण बाहेरून.

स्प्लिटवही

वरच्याला जोडून. लोक थेट प्रक्षेपणात सगळ्यात जास्त फसतात ते माईलच्या पहिल्या स्प्लिटला, म्हणजे वाटेतल्या टप्प्याच्या वेळेला. माईल म्हणजे 1609.34 मीटर, म्हणून सुरुवात अंतिम रेषेच्या 9.34 मीटर मागून होते. पहिल्यांदा रेषा ओलांडली की अंतर 200 नव्हे, 209.34 झालेलं असतं. 3:45.14 चा समान वेग धरला तर 200 मीटरला 27.98 लागतात, पण रेषेवर घड्याळ 29.3 दाखवणार. ते बघून "पहिलीच फेरी गेली, विक्रम विसरा" असे संदेश धडाधड येतात. गती तंतोतंत बरोबर असते. याच गतीला रेषेवरचे पुढचे टप्पे: दोन फेऱ्यांना 57.3, चारला 1:53.2, सहाला 2:49.2. एवढे चार आकडे कागदावर लिहून बसा.

3000 सोपं आहे, सुरुवात आणि शेवट एकाच रेषेवर. 7:22.91 म्हणजे फेरीला 29.53, हजाराला 2:27.6, दोन हजाराला 4:55.3. 5000 मध्ये 12:44.09 म्हणजे फेरीला 30.56, हजाराला 2:32.8, तीन हजाराला 7:38.5.

पेसर, म्हणजे सुरुवातीला पुढे राहून ठरलेली गती देणारा धावपटू, कुठे बाजूला होतो ते वेगळं टिपा. 3000 मध्ये तो 1800-2000 मीटरपर्यंत टिकला तर उरलेल्या पाच-सहा फेऱ्या एकट्याच्या. वळणावरच दमून मंदावला, तर मागच्याला बाहेरून फिरून जावं लागतं आणि वर सांगितलेले तीन मीटर बसतात. सरळ पट्ट्यावर वेळेत बाहेर सरकला तर काही नुकसान नाही. चांगला पेसर हे जाणतो.

5000 मध्ये आणखी एक भानगड, जी चाहते बोलतच नाहीत: मागे पडलेल्यांना ओलांडणं. पुढचा 12:44 ने पळत असेल तर 13:16 पेक्षा हळू पळणाऱ्या प्रत्येकाला तो पूर्ण एका फेरीने गाठतो. बाहेरच्या ट्रॅकवर तीच मर्यादा 13:50 च्या आसपास येते. म्हणजे आत गर्दी लवकर होते आणि शेवटच्या, सगळ्यात महागड्या फेऱ्यांत होते. 5000 साठी आयोजक यादीत कोण घेतो, याला मी बुटांपेक्षा जास्त महत्त्व देतो.

घंटेनंतर

दिव्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ते काहीच देत नाहीत असं म्हणणं चूक. आतल्या कडेला पळणारा दिवा समान गती राखायला मदत करतो आणि पेसर गेल्यावर त्याची उणीव थोडी भरून काढतो. डॅनियल कोमेन 1998 मध्ये बुडापेस्टला 7:24.90 पळाला तेव्हा हे नव्हतं, आणि तो विक्रम पंचवीस वर्षं टिकला. त्याचं मोल कुणी कमी करू नये.

पण दिवा बघून घाबरणंही चूक. दिवा शेवटपर्यंत त्याच गतीने जातो, माणूस शेवटच्या फेरीच्या घंटेनंतर जोर लावतो. 29.53 च्या दिव्यासमोर शेवटची फेरी 27.5 ची गेली तर दोन सेकंद, म्हणजे साधारण 13 मीटर भरून निघतात. घंटेला कुणी दिव्याच्या सात-आठ मीटर मागे असेल तर शर्यत अजून जिवंत आहे.

बुटांचं म्हणाल, तर तळाच्या जाडीची मर्यादा 1 नोव्हेंबर 2024 पासून ट्रॅकवर सगळीकडे 20 मिलिमीटर झाली. त्याआधी 800 आणि पुढच्या अंतरांना 25 चालायची. "दरवर्षी जाडी वाढवतात म्हणून विक्रम पडतात" हे निदान 2025 ला लागू होत नाही. तळातला नवा फोम आणि कडक प्लेट यांचा फायदा आहेच, पण तो रांगेतल्या सगळ्यांना आहे. एकाच शर्यतीत दोघं जुन्या विक्रमाच्या आत येतात याचा अर्थ मी असा लावतो की पेसर गेल्यावरही मानेवर श्वास होता. कोमेन आणि बेकेलेला तो बराच काळ मिळाला नाही.

आणि नानजिंग. तिथे पेसर नसतो. 7:46.09 म्हणजे फेरीला सरासरी 31.07. पुढे राहणाऱ्याने सगळ्यांसाठी हवा कापायची आणि शेवटी मागच्यांच्या किकला (अखेरच्या वेगाच्या झेपेला) तोंड द्यायचं, हे कुणालाच नको असतं. बेरिहू अरेगावी 7:46.25, म्हणजे 0.16 सेकंद मागे. अशा शर्यतीत एकूण वेळ बाजूला ठेवून शेवटचे 400 मीटर हातातल्या घड्याळावर मोजा, आणि शेवटच्या तीन फेऱ्यांत पहिल्या दोघांत कोण होतं ते बघा. इतक्या छोट्या वळणांवर पाचव्या-सहाव्या जागेवरून सुवर्ण काढणं फार अवघड. त्याच स्पर्धेत इंगब्रिग्टसेनने 1500 सुद्धा 3:38.79 मध्ये जिंकली. दोन्हीकडे वेळ साधी, जागा अचूक.

पंधरा_फेऱ्या

बरंच उलगडलं. एक राहिलं: लिएव्हाँच्या त्याच माईलमध्ये इंगब्रिग्टसेनच्या नावावर 1500 चा 3:29.63 हाही विक्रम लागला. वाटेतली वेळ चालते कशी? यावरही बरीच ओरड झाली होती.

स्प्लिटवही

चालते, पण अटी आहेत. मधल्या अंतरावर नियमाप्रमाणे अधिकृत वेळ घ्यावी लागते, आणि धावपटूने पूर्ण शर्यत संपवलीच पाहिजे. माईलमध्ये 1500 चा टप्पा अंतिम रेषेच्या 109.34 मीटर आधी येतो, म्हणजे ट्रॅकच्या जवळजवळ दुसऱ्या बाजूला. तिथे वेळ घेण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते. प्रक्षेपणाच्या चित्रफितीवरून मोजलेली वेळ धरत नाहीत.

वळण_आतून

आणि ट्रॅक 200 मीटरपेक्षा मोठा नको. सिएटलच्या डेम्प्सीचा 307 मीटरचा आहे; तिथली वेळ कितीही भारी असली तरी इनडोअर विश्वविक्रम म्हणून धरत नाहीत. बोस्टनचा ट्रॅक 200 चा आहे, म्हणून फिशरचे 12:44.09 धरले गेले. त्याच ट्रॅकवर आठवडाभराने भारताचा गुलवीर सिंग 5000 मीटर 12:59.77 पळाला, त्या वेळेचीही फेरी काढून बघा: 31.19.