मदत हवी आहे: गाडीवर 390, आरसी बुकात 373. व्यवहार करावा का?

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीची. धाकट्या भावाला सेकंडहँड केटीएम आरसी 390 मोटारसायकल घ्यायची आहे. 2019 चं मॉडेल, एमएच 08 पासिंग. भाट्याला जाऊन बघून आलो. गाडी आवडली, पण आरसी बुक वाचताना बाबांचं बोट एका ओळीवर थांबलं: 373.2 सीसी (घन सेंटीमीटर, म्हणजे इंजिनाची क्षमता).

बाबांची हयात मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं खोलण्यात गेली. ते म्हणतात, "सतरा सीसी गेले कुठे? इंजिन तरी बदललंय, नाहीतर कागद दुसऱ्या गाडीचे." भाऊ म्हणतो, सगळ्याच गाड्यांचं असं असतं. पण का, ते त्याला सांगता येत नाही. दोन दिवस दोघं एकमेकांशी धड बोललेले नाहीत.

मी शोधलं तर निंजा 300 निघाली 296 सीसीची, अपाचे आरआर 310 निघाली 312 ची आणि यामाहा आर3 चक्क 321 ची! मग हा आकडा ठरवतं कोण? दोन आंबा सीझनची कमाई आहे भावाची, म्हणून जीव खालीवर होतोय.

प्रतिसाद (चिपळूण, गॅरेज आहे माझं):
ताई, 373.2 हाच बरोबर आकडा. गाडीवरचं 390 हे नाव आहे, कंपनीने ठेवलेलं. गाडी कोणत्या गटातली ते कळावं एवढ्यासाठी. नाव एकदा रुळलं की इंजिन बदललं तरी बदलत नाहीत. आर15 आधी 149 सीसीची होती, पुढे 155 ची झाली, नाव तेच. 2023 ला आलेल्या ड्यूक 390 मध्ये तर 399 चं इंजिन आहे. कागदावर मात्र खरे सीसी लागतात, कारण विमा त्यावर ठरतो. 350 च्या वर थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता बराच वाढतो, तेवढं धरून चाला.

बाबांना माझं ऐकायला सांगू नका, गणित करू द्या. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 89 मिमी, स्ट्रोक (पिस्टन सरकतो ते अंतर) 60 मिमी, सिलिंडर एकच. सिलिंडरचं घनफळ काढलं की सीसी मिळतात.

इंजिन बदललंय का, ते सीसीवरून कळणार नाही. इंजिन नंबर आणि चॅसिस (गाडीचा सांगाडा) नंबर बुकाशी अक्षर न् अक्षर जुळवा.

मूळ धागाकर्ती:
दादा, खूप आभार. बाबांनी कॅलेंडरच्या मागे मांडलं: बोअरचे निम्मे 44.5 गुणिले 44.5, गुणिले पाय, गुणिले 60, आणि मिमीचे सीसी करायला भागिले 1000. उत्तर 373.27! रात्री दोघं एका पंगतीला जेवले. इंजिन नंबर जुळला. चॅसिस नंबरचे शेवटचे दोन आकडे मात्र खाऱ्या वाऱ्याने गंजलेत, वाचता येत नाहीत. पॉलिश पेपर मारू का?

प्रतिसाद:
अजिबात नको, नंबर घासला की संशय येतो. डिझेलचं फडकं तासभर ठेवा, मग जुन्या टूथब्रशने हलकेच पुसा. तरी दिसले नाहीत, तर मालकासोबत गाडी आरटीओत दाखवून घ्या. तोवर विसारही देऊ नका.