वाण पोहोचतं, यंत्र अडतं

कृषी विद्यापीठातलं संशोधन बांधापर्यंत येतच नाही, असं म्हटलं जातं, ते मला पूर्ण पटत नाही. जालना जिल्ह्यातल्या बदनापूर कृषी संशोधन केंद्राचं बीडीएन-७११ हे तुरीचं वाण बघा. साधारण १५० ते १५५ दिवसांत येतं, म्हणजे जमिनीतली ओल संपायच्या आत शेंगा भरतात. पाऊस लवकर निघून गेला तरी हाती काहीतरी लागतं. जालना-परभणीकडे हे वाण शेतकऱ्यांनी आपणहून धरलं.

खरी अडचण पद्धतीची आहे. रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरलं की अतिवृष्टीत पाणी सरीतून निघून जातं आणि पावसात खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की चार-पाच दिवसांत अख्ख्या गावाला एकच बीबीएफ यंत्र, म्हणजे रुंद वरंबा-सरी पाडून पेरणारं यंत्र, हवं असतं! आमच्याकडे दोन वर्षं नंबर लागेपर्यंत वाफसा गेला, शेवटी साध्या तिफणीनं पेरलं.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, प्राध्यापक मंडळींनी प्रात्यक्षिकाचा प्लॉट दाखवून थांबू नये. जूनमध्ये गावात बसून यंत्राचं वेळापत्रक शेतकरी गटाबरोबर लावावं. नोंदीही शेतकऱ्यांच्याच वहीत ठेवाव्यात.