जन्मसालाची जगभरची नाणी : ठाणे-नवी मुंबईकरांचा अनुभव धागा

नौपाडा, ठाणे
आपल्या जन्मसालाची देशोदेशीची नाणी जमवणाऱ्यांनी इथे लिहावं. साल कसं ओळखता, नाणी कुठून मिळवता, दमट हवेत कशी टिकवता, असं पुढच्याला वापरता येईल ते सांगा. उदाहरणांना सगळ्यांनी १९८५ धरलं तर ताळा करायला बरं.

माझ्याकडून एवढंच: आधी नियम ठरवा आणि अल्बमच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. फक्त इसवी सन छापलेली नाणी घेणार, की इतर पंचांगांतलं त्या काळाचं सालही चालेल? एका देशाचं एकच नाणं, की सगळ्या किमतींची? नवख्याने 'एक देश, एक नाणं, चलनातलंच' इथून सुरुवात करावी. संग्राहकांसाठी काढलेले चांदीचे संच यात धरले तर खर्चाला अंत नाही.

ऐरोली
पंचांगांबद्दल सविस्तर लिहिते, कारण पेटीतली चांगली नाणी याच अज्ञानापायी बाजूला टाकली जातात.

थायलंड सोपं. छापलेल्या सालातून ५४३ वजा करा. २५२८ म्हणजे १९८५. वर्ष १ जानेवारीलाच सुरू होतं, म्हणून मागेपुढे होत नाही. थाई आकडे तेवढे पाठ करावे लागतात. नेपाळचं उलटं आहे. आकडे देवनागरी, आपल्याला शिकायची गरजच नाही, पण तिथलं विक्रम संवत एप्रिलच्या मध्यावर बदलतं. जन्म फेब्रुवारी १९८५ चा असेल तर २०४१ हवं, जूनचा असेल तर २०४२. (गुजराती विक्रम संवत दिवाळीनंतर बदलतं, तो हिशेब इथे लावू नका.)

इराणचं वर्ष २१ मार्चच्या सुमारास बदलतं. मार्च १९८५ पर्यंत १३६३, पुढे १३६४. १९७६ ते १९७८ मध्ये जन्मलेल्यांनी इराणी नाण्यावर २५३५, २५३६ किंवा २५३७ दिसलं तर गोंधळू नये. शहाच्या काळात थोडे दिवस शाही संवत चालू होतं, त्याचे ते आकडे.

सौदीचं हिजरी वर्ष चांद्र, साधारण ११ दिवसांनी लहान. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की अंदाज येतो, अचूक तारीख नाही. १४०५ हे सप्टेंबर १९८४ मध्ये लागलं आणि १४०६ सप्टेंबर १९८५ मध्ये. म्हणजे १९८५ साठी दोन्ही लागू, जन्ममहिना बघून निवडा. अरबी आकड्यांत शून्य हा नुसता ठिपका आणि पाच हा वाटोळा, आपल्या शून्यासारखा. सात इंग्रजी व्हीसारखा, आठ उलट्या व्हीसारखा. नाणं उलटं धरलं की सालच बदलतं. आधी नाण्याची वरची बाजू नक्की करा.

इथिओपियाच्या १९६९ पासून सावध. ते तिथल्या पंचांगाचं साल, आपलं १९७६-७७. शिवाय नंतर अनेक वर्षं पाडलेल्या नाण्यांवरही तेच ठेवलं आहे. १९६९ च्या जन्माला ते चालत नाही.

वाशी
वरच्यात जपानची भर. तिथे सम्राटाच्या राजवटीचं साल छापतात, 'शोवा' हे त्यातलं एक. शोवा सालात १९२५ मिळवा, शोवा ६० म्हणजे १९८५. ५०, १०० आणि ५०० येनवर हे आकडे आपल्या ओळखीचे असतात, ५ येनवर मात्र सालही चिनी अक्षरांत. १९८९ वाल्यांना दोन नाणी हवीत: ७ जानेवारीपर्यंत शोवा ६४, दुसऱ्या दिवसापासून हेइसेई, म्हणजे पुढच्या सम्राटाची राजवट. हेइसेईच्या पहिल्या वर्षी 'एक' हा आकडा शोधू नका, तिथे आरंभाचं वेगळं अक्षर असतं. तैवानसाठी १९११ मिळवा, ७४ म्हणजे १९८५.

कळवा
१९७५ चं अमेरिकी क्वार्टर (२५ सेंटचं नाणं) कुठेच का मिळत नाही?

सीबीडी बेलापूर
कळवा, ते पाडलंच नाही. स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीसाठी १९७५ मध्येही '१७७६–१९७६' असंच साल घातलं. तुम्ही १९७५ चा सेंट, निकेल (५ सेंट) किंवा डाइम (१० सेंट) घ्या.

मिळवण्याबद्दल. मनी चेंजर परदेशी नोटा घेतात, नाणी सहसा घेत नाहीत, त्यामुळे सुटे घरोघर पडून असतात. ऐरोली-महापेच्या आयटीतले आणि नेरूळ-बेलापुरातले बोटीवर जाणारे यांना विचारा, डबे निघतात. परदेशी नाणी बाळगायला कायद्याने मर्यादा नाही, नोटांना आहे. विक्रेत्याकडून किलोवर मिश्र नाणी घेतली तर सरासरी ५ ग्रॅम धरून किलोत २०० च्या आसपास बसतात. प्रत्येकाचं साल वाचत बसू नका, आधी चेहरा बघा. ब्रिटनच्या नाण्यावर राणी एलिझाबेथचं मॅक्लूफ यांनी केलेलं मुकुटधारी चित्र १९८५ ते १९९७ एवढंच आहे. त्याआधीचं मेचिन यांचं, तरुण चेहऱ्याचं. कॅनडाने मात्र मेचिन यांचंच चित्र १९८९ पर्यंत ठेवलं. एवढ्यावर निम्मा ढीग बाजूला होतो.

आपल्या नाण्यांची टांकसाळ सालाखाली बघा: मुंबईचा चौकट-हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याची खूण नाही. नोएडा १९८८ पासूनची, म्हणून त्याआधीच्या सालाखाली ठिपका सांगून कोणी जास्त पैसे मागितले तर भिंगाखाली तपासा.

घोडबंदर रोड
साठवण. खाडीकाठच्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये पोलादी आणि जस्ताची नाणी सर्वांत आधी जातात. मऊ, वास येणारी पीव्हीसी पाकिटं अजिबात नकोत. त्यांतून हिरवट चिकट थर नाण्यावर येतो आणि धातू खातो. थर नवा असेल तर काचेच्या भांड्यात शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढा, चोळू नका, खिडकी उघडी आणि गॅस बंद ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल-सुगंध असतात, तो चालत नाही. चिंच, लिंबू, पितांबरी देवाच्या भांड्यांना ठीक. नाण्यावरची मूळ झळाळी एकदा गेली की परत येत नाही.

५० × ५० मिमीचे पुठ्ठ्याचे होल्डर घ्या. होल्डरची खिडकी (फिल्म लावलेलं गोल भोक) नाण्यापेक्षा किंचित मोठी हवी: २१ मिमीच्या नाण्याला २२.५ ची. घट्ट बसवलं तर पातळ फिल्म फाटते. चार पिना मारून पकडीने सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या होल्डरला ओरखडे जातात. चिकटणारे होल्डर उन्हाळ्यात गोंद सोडतात. रबरबँडमध्ये गंधक असतो, चांदी काळी पडते. अल्बम प्लायवूडपेक्षा लोखंडी कपाटात बरा, सोबत निळी सिलिका जेल. गुलाबी झाली की ओव्हनमध्ये १२० अंशांवर वाळवून परत वापरा.

कोपरी
१९९९ ते २००१ मध्ये जन्मलेल्यांसाठी: फ्रान्स, स्पेन, बेल्जियम, नेदरलँड्स आणि फिनलंड यांच्या युरो-सेंटवर ही सालं सापडतात. जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया, ग्रीस यांची युरो नाणी २००२ पासूनचीच, त्या ढिगात शोधू नका.