थॉमस कॅट्रनच्या नावावर एवढी जमीन चढली कशी?

प्रश्न : थॉमस बेंटन कॅट्रन 1866 मध्ये मिसूरीहून न्यू मेक्सिकोत आला आणि काही वर्षांत तिथल्या सर्वांत मोठ्या जमीनदारांत गणला जाऊ लागला. 'सांता फे रिंगचा (वकील-राजकारण्यांच्या तिथल्या टोळक्याचा) म्होरक्या' एवढं म्हणून लोक मोकळे होतात. पण कागदोपत्री हे कसं जमायचं?

प्रतिसाद 1 : मुळात फीमधून. न्यू मेक्सिको अमेरिकेकडे आलं त्या 1848 च्या अमेरिका-मेक्सिको तहाने मेक्सिकन काळातले जमीनहक्क मान्य केले, पण ते सिद्ध करायची जबाबदारी धारकांवरच पडली. 1854 पासून दावा आधी सर्व्हेयर जनरलकडे (जमिनीचे दावे तपासणारा सरकारी अधिकारी), मग मंजुरीसाठी वॉशिंग्टनच्या काँग्रेसकडे. गावकऱ्यांकडे मेंढ्या होत्या, रोकड नव्हती. म्हणून वकील फी म्हणून जमिनीतच हिस्सा घ्यायचा, बऱ्याचदा चौथा किंवा तिसरा. हिस्सा मिळाला की वकील सहमालक! 1876 च्या कायद्याने कोणाही एका सहमालकाला वाटपाचा दावा लावता येई. डोंगर, कुरण, पाणी यांची सरस-निरस वाटणी होणार कशी? मग कोर्ट सगळीच जमीन लिलावात काढायचं आणि बोली लावणार तो, ज्याच्या हातात पैसा.

प्रतिसाद 2 : वाटपाचं बरोबर, पण कॅट्रनची सर्वांत मोठी जमीन, उत्तर न्यू मेक्सिकोतली तिएरा अमारिया, लिलावात मिळालेली नाही. 1832 च्या मूळ सनदेत कुरणं आणि पाणवठे सामाईक ठेवले होते. 1860 मध्ये काँग्रेसने ती फ्रान्सिस्को मार्तीनेसच्या नावे खाजगी म्हणून मंजूर केली. खरी मेख इथे आहे. त्यानंतर वारसांचे हिस्से एकेक करून विकत घ्यायचे एवढंच काम उरलं, आणि ते कॅट्रनने चिकाटीने केलं. सुमारे 5,94,000 एकर! तिथे वसलेल्या लोकांकडे 'इहुएला' नावाची खरेदीपत्रं होती. त्यांत घराची जागा आणि शेत, शिवाय चराई, पाणी, सरपण यांचा हक्क. जागा टिकली, चराई गेली.

प्रतिसाद 3 : पदांचं वजनही धरा. 1872 ते 1878 तो फेडरल सरकारी वकील होता. मिसूरी विद्यापीठातला त्याचा सोबती स्टीफन एल्किन्स तर काँग्रेसमध्येच प्रतिनिधी. लिंकन काउंटीतल्या मर्फी-डोलन दुकानाचं गहाणखत कॅट्रनकडे होतं. तिथल्या व्यापारी गटांच्या भांडणातला रक्तपात आणि वॉशिंग्टनहून पाठवलेल्या फ्रँक वॉर्नर एंजेलची चौकशी, यानंतर 1878 मध्ये त्याने पद सोडलं. तरी 1912 मध्ये सिनेटर झालाच. श्रीमंती मात्र सगळी कागदावरची : जमीन अफाट, हातात पैसा कमी, आणि कर व व्याज दरवर्षी दारात.

प्रश्नकर्त्याला : कोणत्याही सनदेचा अभ्यास करताना मूळ स्पॅनिश मजकूर आणि काँग्रेसचा मंजुरी ठराव शेजारी ठेवून वाचा. नुसता ठराव वाचला तर सामाईक हक्क कुठे गळाले ते कळतच नाही.