काकांचा थायलंड बेत: सोसायटी ग्रुपवरून

सी-४०२ काका: नमस्कार मंडळी. निफाडचा पारा पेपरात वाचूनच हिचे गुडघे धरतात. म्हणून हुआ हिनला भाड्याचं घर घेऊन वर्षभर राहावं म्हणतोय. थायलंडला आता व्हिसा लागत नाही ना?

ए-१०३: काका, एकदम भारी! १५ जुलै २०२४ पासून आपल्याला ६० दिवस फ्री आहेत. दोन महिने झाले की मलेशियाला चक्कर मारायची, परत येऊन नवा शिक्का. वर्ष असंच निघतं.

बी-२०१ ताई: दादा, काकांना भलतं सांगू नका 🙏 ते ६० दिवस फिरणाऱ्यांसाठी आहेत. तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात १,९०० बाट भरले की आणखी ३० मिळतात, तेवढंच. सारखी ये-जा दिसली की अधिकारी हटकतो, परतही पाठवतो. आणि हे दिवस कमी करायचं बोलणं तिकडे चालू असतं, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाची साईट बघा.

ए-१०३: मग डीटीव्ही, म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा? ५ वर्षं चालतो.

बी-२०१ ताई: तो लॅपटॉपवर काम करणाऱ्यांचा, नाहीतर मुए थाई (तिकडचं बॉक्सिंग), स्वयंपाक वगैरे शिकायला जाणाऱ्यांचा. खात्यात ५ लाख बाट दाखवायचे, एका खेपेला १८० दिवस.

सी-४०२ काकू: मी थाई स्वयंपाक शिकणार नाही. त्या फिश सॉसचा वास इथूनच येतोय.

बी-२०१ ताई: 😄 काका, तुमच्यासाठी रिटायरमेंटचाच. वय ५० च्या पुढे हवं. आम्ही बँकॉकला असताना खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं सगळं जवळून पाहिलंय. आधी ९० दिवसांचा ‘नॉन-इमिग्रंट ओ’ व्हिसा, मग तिथेच वर्षाची मुदतवाढ. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाट, अर्जाच्या २ महिने आधीपासून. मंजुरीनंतर ३ महिने हात लावायचा नाही, पुढेही ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न दाखवा.

सी-४०२ काका: ८ लाख बाट म्हणजे वीस लाखांच्या वर झाले! एफडी मोडावी लागेल.

डी-१०१: आणि वर्षात १० लाखांच्या वर बाहेर पाठवले की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते. रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर अडकतो.

बी-२०१ ताई: काकू तुमच्यावर अवलंबून म्हणून येऊ शकतात, त्यांचे वेगळे ८ लाख लागत नाहीत. लग्नाचा दाखला मात्र लागेल.

सी-४०२ काकू: १९८४ चं लग्न. पत्रिका आहे, चालेल का?

बी-२०१ ताई: नाही हो काकू. महापालिकेत नोंदणी करून घ्या, आता उशिरासुद्धा होते. मग त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अटेस्टेशन. यातच सगळ्यात वेळ जातो, हे आधी हातात घ्या.

ए-३०४: टँकर आलाय, कोणीतरी गेटवरची गाडी काढा!! एमएच १५ पांढरी.

सी-४०२ काका: काढतो. ताई, गणपतीला घरी यायला हरकत नाही ना?

बी-२०१ ताई: या की. पण निघण्याआधी री-एंट्री परमिट घ्या, एका वेळचं १,०००, अनेक वेळांचं ३,८०० बाट. ते न घेता देश सोडला की मुदतवाढ तिथेच संपते. आजोबा नातवाच्या मुंजीला असेच धावत आले होते, परत गेल्यावर पहिल्यापासून सगळं. शिवाय सलग ९० दिवस राहिलात की पत्ता कळवायचा, आणि तिथे नोकरी-धंदा अजिबात नाही.

ए-१०३: भाड्याऐवजी घरच विकत घ्या ना काका.

बी-२०१ ताई: जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट होतो, पण सगळ्या परदेशी लोकांचे मिळून इमारतीच्या ४९ टक्के क्षेत्रापर्यंतच.

सी-४०२ काका: मग आधी जानेवारीत ६० दिवसांवर जाऊन येतो. हिला मानवलं तर पुढचं. दाखल्याला मात्र सोमवारीच जातो.

सेक्रेटरी: काका, वर्षासाठी गेलात आणि फ्लॅट भाड्याने दिलात तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लागेल, सेवाशुल्काच्या १० टक्के. आणि मेंटेनन्सचे चेक आगाऊ देऊन जा.

सी-४०२ काका: तुमचा व्हिसा थाई लोकांपेक्षा कडक आहे 😄