सोसायटीच्या जीमेलमध्ये ६० च्या वर फोल्डर झालेत, नावं कशी लावू?

नवी_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी, महिन्यापूर्वी सोसायटीची सेक्रेटरी झाले आणि हातात आलं २०१६ पासूनचं जीमेल. प्रत्येक कमिटीने आपापले फोल्डर केलेत, लिफ्टचेच चार आहेत, 'लिफ्ट', 'लिफ्ट एएमसी', 'लिफ्टवाले' आणि एक 'काकांनी बघायचे', त्यातही लिफ्टचंच कोटेशन निघालं. ऑडिटरने एक कागद मागितला तर दीड तास गेला. वर्षाप्रमाणे लावू की विषयाप्रमाणे? आणि जुने फोल्डर उडवले तर मेल जातील का?

ठाणेकर७२
ताई, जीमेलमध्ये फोल्डर नसतातच, ती लेबलं असतात. म्हणजे डबा नाही, मेलला चिकटवलेली चिठ्ठी. एकाच मेलवर 'लिफ्ट' पण लावा आणि 'ऑडिट' पण. लेबल उडवलं तर फक्त चिठ्ठी निघते, मेल 'ऑल मेल'मध्ये असतोच. चार लिफ्टची एक करायची तर जुनं लेबल उघडा, वरच्या चौकोनात टिक करा, पण त्याने फक्त त्या पानावरचे मेल निवडले जातात, मग वर सगळे निवडायची ओळ येते तिच्यावर क्लिक करायचं विसरू नका. नवीन लेबल लावा, मग जुनं काढा. लॅपटॉपवरच करा हे.

माजी_खजिनदार
वरचं बरोबर आहे, पण एक जपा. आमच्याकडे एकाने 'बिलं' मधला मेल डिलीट केला, त्याला वाटलं 'ऑडिट' मध्ये कॉपी आहे. कॉपी नसते हो, मेल एकच, तो दोन्हीकडून गेला. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो, आम्हाला कळलं दोन महिन्यांनी. त्यामुळे नुसतं लेबल काढायचं असेल तर लेबलच काढा, डिलीटला हात लावू नका, आणि हे कमिटीतल्या सगळ्यांना समोर बसवून दाखवा.

कोथरूडची_मेघा
माझ्या मते विषयाप्रमाणेच. वर्षाची सबलेबलं करत बसू नका, सर्चमध्ये तारीख टाकता येते, एप्रिल ते मार्च टाकलं की आर्थिक वर्ष समोर. अपवाद फक्त एजीएम (वार्षिक सभा) आणि ऑडिट, तिथे 'ऑडिट २०२४-२५' असं हवंच. लेबलं नावाच्या क्रमाने लागतात म्हणून रोजची वर हवी असतील तर '०१ मेंटेनन्स', '०२ लिफ्ट' असं लिहा. माणसाच्या नावाने लेबल अजिबात नको, कमिटी बदलली की त्याचा अर्थच जातो. वीजबिलाला फिल्टर लावा, म्हणजे येणाऱ्या मेलला लेबल आपोआप लागेल, जुन्या मेलनाही लागू करायची टिक तिथेच असते, पण इनबॉक्स टाळायचा पर्याय निवडू नका, बिल दिसलं नाही तर भरणार कोण?

नवी_सेक्रेटरी
खूप आभार सगळ्यांचे. आत्ता लिफ्टची चार मिळून एक केली, एकही मेल गेला नाही. 'काकांनी बघायचे' मध्ये पाण्याच्या टाकीच्या वॉरंटीचा मेल पण सापडला, तो उद्या खजिनदारांना दाखवते. रविवारी कमिटीला बसवून लेबल आणि डिलीटचा फरक दाखवणार आहे.