मराठी ड्रिल: ८०८ घसरत नाही, आणि पॉप स्मोकबद्दल थोडं

सिडको_१४२
न्यूयॉर्कचा ड्रिल (रॅपचा एक प्रकार) रॅपर पॉप स्मोक याच्या आठवणीत छोटा सायफर, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप, ठेवलाय. तो गेला १९ फेब्रुवारीला, पण त्या दिवशी शिवजयंतीची मिरवणूक, म्हणून २० तारीख. ट्रॅक एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये, १४२ बीपीएम (मिनिटाला बीट), नाशिक ढोलचा लूप घेतलाय. ८०८, म्हणजे खालचा घुमणारा बेस, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरतच नाही, नुसता धप्प पडतो. मोबाइलवर तर बेस गायबच! शिवाय दोन मिनिटं त्याच्यावर बोलायचंय. एवढ्या लवकर वर आला कसा?

गोदाकाठ_बेस
८०८ बाहेरच्या प्लगइनमध्ये असणार. एफएलच्या स्लाइड नोट (स्वर घसरवणाऱ्या नोट) तिथे चालत नाहीत, साध्या सॅम्पलर चॅनेलमध्ये टाक. मुख्य नोट लांब ओढ, स्लाइड नोट तिच्या पोटात बसव. मुख्य नोट आधीच संपली तर घसरायला काही उरत नाही. स्लाइड नोटेची लांबी म्हणजे घसरायचा वेळ, अर्धा बीट पुरे. सॅम्पलचा मूळ स्वरही बघ. सॅम्पल एफ शार्पचं आणि रूट (चॅनेलमधला मूळ स्वर) सी५ वरच राहिला, तर सगळं बेसूर.

त्या एफ शार्पचा पाया ४६ हर्ट्झच्या आसपास, तो मोबाइलच्या स्पीकरला झेपत नाही. हलकं सॅच्युरेशन (आवाजाला थोडी खरखर) दे, वरचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच स्वराचे उंच पडसाद, ऐकू येतील. ढोल १२० हर्ट्झखाली काप, नाहीतर थाप आणि ८०८ एकमेकांना खातात. स्नेअर पहिल्या बारात तिसऱ्या बीटवर, दुसऱ्यात चौथ्यावर. ती खोड काढलीस की ड्रिल गेलं, मिरवणूक उरली.

सातपूर_सायफर
बोलताना 'गँगवॉरमध्ये मेला' म्हणू नकोस, सगळे तेच ठोकतात. बशर जॅक्सन, ब्रुकलिनच्या कॅनार्सीचा, जन्म १९९९. 'वेलकम टू द पार्टी' २०१९ चं, बीट लंडनच्या ८०८मेलोचा. ड्रिल मूळचं शिकागोचं, घसरता बेस लंडनचा, त्यावर याचा घोगरा खर्ज. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या सांगण्यावरून रोलिंग लाउड या हिप-हॉप महोत्सवाच्या यादीतून पाच रॅपर्स कापले, त्यात हाही होता. चार महिन्यांनी लॉस एंजेलिसला भाड्याच्या बंगल्यात चोर शिरले आणि गोळ्या घातल्या. वय २०. त्याने टाकलेल्या फोटोत भेटवस्तूच्या पिशवीवरच्या लेबलात त्या घराचा पत्ता दिसत होता. पहिला अल्बम जुलै २०२० मध्ये आला आणि बिलबोर्डच्या अमेरिकी अल्बम यादीत थेट पहिला.

पंचवटी_मिक्स
पत्ता दिसण्याचा तो धडा इथेही लावा. लोकेशनची स्टोरी जागा सोडल्यावरच. फ्रेममध्ये गाडीचा नंबर, कुरिअरचं लेबल, सोसायटीची पाटी नको. व्हिडिओत कोयता-तलवार अजिबात नको, शस्त्र कायद्याखाली गुन्हा लागतो. प्लास्टिकचा असला तरी आधी पोलिस स्टेशनला जाऊन समजावत बसावं लागेल. उघड्यावर स्पीकर लावणार असाल तर परवानगी आधी काढा, आणि रात्री १० ला बंद.

सिडको_१४२
८०८ बाहेरच्या प्लगइनमध्येच होता. सॅम्पलरमध्ये टाकला, आता घसरतोय. फक्त थाप आणि ८०८ एकत्र पडले की मास्टर (एकूण आवाजाचा मीटर) लाल होतो.

गोदाकाठ_बेस
८०८ तीन डीबी खाली आण, ढोलला हात लावू नकोस.